कठड्याची लांबी

पायरीसरांचा गणिताचा पेपर बंद होणार ही बातमी त्यांना शिपायानं सांगितली. तोवर ती सगळ्या कॉलेजात फिरून झाली होती. ग्रंथालयातल्या बाईंना माहीत, झेरॉक्सवाल्याला माहीत, पहिल्या वर्षाच्या पोरांनी तर टाळ्या पिटल्या म्हणे. ज्याचा पेपर, तो तेवढा अंधारात.

पायरीसर हे काही त्यांचं खरं नाव नव्हे, पोरांनी ठेवलेलं. आर्किटेक्चरच्या पहिल्या दोन वर्षांना ते गणित शिकवत आणि प्रत्येक पेपरावर लाल पेनानं एकच वाक्य लिहीत: पायऱ्या दाखवा. उत्तर बरोबर असो की चूक, आधी पायऱ्या. एकदा एका कार्ट्यानं फळ्यावर मोठा जिना काढून खाली लिहिलं, ‘सर, दाखवल्या.’ तेव्हापासून ते नाव चिकटलं ते चिकटलंच. सरांना ते ठाऊक होतं आणि त्याचा रागही नव्हता. शिकवलेलं निदान लक्षात तरी राहिलं, असं ते म्हणत.

निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी आठवड्यातून दोन दिवस सर तासाला येत, कारण या पोरांना गणित शिकवायला दुसरं कुणी तयारच होत नसे. गणिताचं नाव काढलं की यांच्या पोटात दुखायला लागतं. सकाळी सरांचा तास तळमजल्यावर, सामानाच्या खोलीशेजारी. दुपारी डिझाइनचा स्टुडिओ वरच्या मजल्यावर, मोठाल्या खिडक्यांच्या उजेडात. खाली जांभया देणारी पोरं वर गेली की तहानभूक विसरून पुठ्ठे कापत बसत. पस्तीस वर्षांत सर त्या वरच्या मजल्यावर किती वेळा गेले असतील, ते हाताच्या बोटांवर मोजता आलं असतं. तिथं आपलं काय काम, असं त्यांचं म्हणणं. वरच्या लोकांचंही तेच म्हणणं होतं, त्यामुळे वाद कधी झाला नाही.

विभागप्रमुख बाई त्यांचीच विद्यार्थिनी. नुसती विद्यार्थिनी नव्हे, सरांच्या मुलीच्या वर्गातली, तिची जिवाभावाची मैत्रीण. सरांच्या घरी जेवलेली, त्यांच्या दारात सायकलवरून पडून गुडघे फोडून घेतलेली. आता बाईंना चष्मा लागला होता, आवाजाला धार आली होती, पण सर खोलीत शिरले की त्या अजूनही उठून उभ्या राहत. त्यांनी सरांना बोलावून घेतलं, शिपायाच्या तोंडून कळावं लागलं म्हणून माफी मागितली आणि नीट समजावून सांगितलं. पेपर बंद होतोय, गणित नाही. गणित आता वर यायचंय. पोरगं जिना काढत असेल तेव्हा जिन्याचं, छप्पर काढत असेल तेव्हा छपराचं. तिथल्या तिथं, हातात कागद असताना.

म्हणजे आमच्या पायऱ्या गेल्या म्हणायच्या, असं सर म्हणाले. हसत म्हणाले, पण लागलं होतं. बाईंनी ते ओळखलं. सोमवारी पहिला तास घेऊन बघतेय, तुम्ही मागं येऊन बसा, आणि चुकलं तर माझा कान धरा, असं त्या म्हणाल्या. एवढं म्हटल्यावर माणूस नाही कसं म्हणणार?

सोमवारी सर वर गेले. सवय नसल्यामुळे शेवटच्या वळणावर दम लागला. स्टुडिओत गोंदाचा आणि कापलेल्या पुठ्ठ्याचा वास भरून होता. टेबलांवर अर्धीमुर्धी मॉडेलं, खाली कागदाचे कपटे, आणि पोरं टेबलांवर पाय सोडून बसलेली. सरांच्या तासाला असं कुणी बसलं असतं तर त्याची धडगत नव्हती. इथं बाईच टेबलाला टेकून उभ्या होत्या.

बाईंनी प्रश्न घातला. एक गोल जिना आहे. मधल्या खांबाभोवती एक पूर्ण वळसा घेत तो तीन मीटर वर चढतो. कठडा खांबाच्या मध्यापासून एक मीटरवर. तर सुताराला कठड्यासाठी किती लांब पट्टी लागेल?

सर मागच्या टेबलाशी सावरून बसले. हा प्रश्न त्यांचा होता. बावीस वर्षांपूर्वी त्यांनीच काढला होता, आकडेसुद्धा तेच.

पोरांनी डोकी खाजवली. एकानं दोरी मागितली, एकानं ठोकून दिलं की दहा मीटर. मग बाईंनी एक मोठा कागद घेतला. त्यावर प्रमाणात एक लांबट चौकोन काढला. आडवी बाजू जिन्याच्या घेराएवढी, म्हणजे सहा मीटर अठ्ठावीस, आणि उभी बाजू तीन मीटर. एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात लाल रेघ ओढली, चौकोन कापून काढला आणि त्याची दोन टोकं जुळवून नळी केली. लाल रेघ नळीभोवती फिरत फिरत वर चढली. पोरं टेबलांवरून उतरून जवळ आली. अहो, हा तर नुसता काटकोन त्रिकोण आहे, असं एक मुलगी म्हणाली आणि तिनं फोनवरच उत्तर काढलं. सहा मीटर शहाण्णव. एक मिनिटही लागलं नाही.

बाई म्हणाल्या, हे मला माझ्या मैत्रिणीनं शिकवलं, परीक्षेच्या आदल्या दिवशी, पाण्याच्या बाटलीवर कागद गुंडाळून. मी मात्र भित्री. मी पेपरात सरांच्या तीन पानी पायऱ्याच लिहिल्या. उत्तर साफ चुकलं, तरी दहापैकी सहा मिळाले. वर्ग खदाखदा हसला. सरांनीही ओठ ताणून हसल्यासारखं केलं. त्या मैत्रिणीचं पुढं काय झालं, ते बाई बोलल्या नाहीत.

ते सरांना पाठ होतं. ती मैत्रीण म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी. स्टुडिओत पहिल्या दिवसापासून सगळ्यांच्या पुढं. कॉलेजात प्रवेश घेतला तेव्हाच सरांनी तिला बजावलं होतं, फाटकाच्या आत बाबा म्हणायचं नाही, सर म्हणायचं. उगाच लोकांच्या तोंडाला विषय नको. तिनं ते असं काही मनावर घेतलं, की कधीकधी घरी ताटावर बसूनही ‘सर, मीठ द्या’ म्हणायची आणि आईला हसवायची. सर तेव्हा डोळे वटारायचे. आता कुणी सांगितलं असतं की तेच हसणं परत ऐकायला मिळेल, तर सर पायी कुठंही गेले असते.

दुसऱ्या वर्षाचे पेपर तपासायला सगळे मास्तर परीक्षा विभागाच्या लांबलचक खोलीत बसत. पेपरावर नाव नसे, नुसता आकडा. नाव कोपऱ्यात दुमडून चिकटवलेलं. पण ज्या पोरीला पाटीवर आकडे गिरवायला आपणच शिकवलं, तिचा हात काय लपतो? सातच्या पोटात आडवी रेघ मारायची तिची जुनी खोड. सरांनी पेपर उघडताक्षणी ओळखला. नियमानं तो दुसऱ्याकडे द्यायला हवा होता. पण शेजारच्या एकानं सकाळीच टोमणा मारून ठेवला होता, यंदा सरांना घरबसल्या पेपर तपासता येतील म्हणून. आता उठून पेपर द्यायचा म्हणजे आपण तो ओळखला हे चारचौघांत कबूल करायचं. सर मूग गिळून बसले.

सहाव्या प्रश्नाला तिनं पायऱ्या लिहिल्याच नव्हत्या. एक लांबट चौकोन, त्यात एक तिरकी रेघ, कोपऱ्यांवर रेघा जराशा पुढं गेलेल्या, ही या पोरांची रीतच. खाली लिहिलं होतं: हा कागद गुंडाळला की तिरकी रेघ म्हणजेच कठडा. एकास पन्नास प्रमाणात काढून पट्टीने मोजली, तेरा पूर्णांक नऊ सेंटिमीटर. म्हणून कठडा सहा मीटर पंच्याण्णव.

सरांचं उत्तर होतं सहा मीटर शहाण्णव. एका सेंटिमीटरचा फरक. सुतार कापताना चार बोटं जास्तच धरतो.

सरांनी पेन खाली ठेवलं. एक कोरा कागद घेतला, त्यावर रेघ ओढली, गुंडाळला, उलगडला, परत गुंडाळला. दहा मिनिटं ते त्यातच होते. खरं होतं, सोळा आणे खरं होतं. तेव्हा त्यांना आनंद व्हायला हवा होता, पोरीच्या डोक्याचा अभिमान वाटायला हवा होता. वाटला राग. तेरा वर्षं हा प्रकार ते तीन पानं भरून शिकवत होते, आणि कागद गुंडाळायचं एकदाही त्यांच्या मनात आलं नव्हतं. वरच्या मजल्यावरचे लोक गणिताला हसत होतेच, आता घरची पोरगीही एका रेघेत आपली तीन पानं पुसून टाकते म्हणजे काय? त्यांनी लाल पेन उचललं, पायऱ्या दाखवा असं लिहिलं आणि पुढं शून्य घातलं.

बेरीज झाली पस्तीस. पास व्हायला चाळीस लागत.

निकाल लागला तशी कॉलेजात सरांची वाहवा झाली. सख्ख्या मुलीला नापास केलं, मास्तर असावा तर असा. सरांनी ती वाहवा खुशाल पदरात पाडून घेतली. मुलगी सहा महिन्यांनी परत परीक्षेला बसली आणि अर्ध्या तासात कोरा पेपर देऊन बाहेर आली. त्यानंतर ती कॉलेजात गेलीच नाही. घरात महिनाभर कुणी कुणाशी धड बोललं नाही. मग तिनं एका शिवणकामाच्या कारखान्यात काम शिकायला सुरुवात केली, कपड्यांचे कागदी नमुने काढायला लागली, आणि दहा वर्षांत स्वतःचं छोटंसं दुकान टाकून कटिंग मास्टर झाली. मास्तरांची मुलगी मास्टर झाली हो, असं नातेवाईक कौतुकानं म्हणत. तेव्हा सर पाणी प्यायच्या निमित्तानं आत जात.

सगळ्यांची समजूत एकच होती. सरांना पायऱ्यांचं वेड, त्यापायी पोरीची ती रेघ त्यांना कळलीच नाही. बायकोचीही तीच समजूत. सरांनी ती कधी मोडली नाही. न कळणाऱ्या माणसाला लोक फार तर हट्टी म्हणतात. कळून सवरून असं करणाऱ्याला काय म्हणतात, ते सरांना ठाऊक होतं.

तास संपल्यावर बाईंनी सरांना खिडकीशी गाठलं. शुक्रवारच्या तासाला सरांच्या मुलीला बोलवायचं होतं. सपाट कागदातून अंगावर बसणारा आकार कसा काढायचा, हे तिच्याइतकं कुणाला कळतंय? मी फोन केला तर ती हसण्यावारी नेते, तुमच्या कॉलेजात मी नापास आहे म्हणते. तुम्ही सांगितलंत तर येईल. बाईंच्या मनात काही काळंबेरं नव्हतं. सर बरं म्हणाले आणि कठड्याला धरून जिना उतरले.

घरी बायको वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. आमंत्रण द्यायला पोरीकडे जातो असं सरांनी सांगितलं तसे तिचे हात थांबले. एवढ्या वर्षांनी का, वरातीमागून घोडं, असं ती म्हणाली. मग थोड्या वेळानं म्हणाली, जाताय तर जा, पण ताकाला जाऊन भांडं लपवू नका. माफी मागायची असेल तर सरळ माफी मागा, कॉलेजचं आमंत्रण पुढं करू नका. तिच्या लेखी माफी मागायची ती कडकपणाची. सरांनी मान हलवली आणि रात्रभर कूस बदलत राहिले.

मुलीचं दुकान एका बोळाच्या टोकाला, रंगांच्या दुकानाच्या वर. बाहेरच्या खोलीत तीन शिलाई मशीनं, आतल्या खोलीत भिंतीपासून भिंतीपर्यंत कटिंगचं टेबल. खिळ्यांना खाकी कागदाचे नमुने टांगलेले, पाठ, पोट, बाही, कॉलर, प्रत्येकावर मापं. सातच्या पोटात रेघ. मुलीच्या गळ्यात टेप होती, बोटांना खडू. बाबा आले म्हणून तिनं स्टूल पुसून दिलं, खाली बिनसाखरेच्या चहाचं सांगितलं, आणि हातातलं संपवते म्हणून परत वाकली. ती एका बाहीचा नमुना काढत होती. पट्टी नाही, काही नाही, नुसत्या हातानं वर चढणारी आणि खाली उतरणारी एक लांब रेघ तिनं ओढली आणि कात्री घातली. हाताला जरासुद्धा कंप नव्हता.

सरांनी आमंत्रण दिलं. बायकोनं बजावलं होतं तरी आधी तेच दिलं. मुलगी हसली. मग म्हणाली, ते तुम्ही स्वतः सांगायला आलात म्हणजे काहीतरी वेगळं आहे. सर म्हणाले, तो जुना कठड्याचा प्रश्न. सोमवारी तुझ्या मैत्रिणीनं वर्गात सोडवून दाखवला, तुझ्या रीतीनं. तुझ्यावर तेव्हा अन्याय झाला.

“बाबा, ते मी केव्हाच सोडून दिलं,” ती म्हणाली. कात्री चालूच होती. “तुम्हाला तेव्हा कळलं नाही, एवढंच ना? नाही कळत एखाद्याला. मी माझ्या पोरालाही हेच सांगते. आजोबा कडक होते, पण खोटे नव्हते. जे कळलं त्याला मार्क दिले, जे नाही कळलं त्याला नाही दिले.”

आता बघा, इथं सरांनी नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. चहा आला असता, शुक्रवार ठरला असता, बायको खूश झाली असती. पोरीनं स्वतःच्या हातानं दार उघडून दिलं होतं, त्यातून निमूट बाहेर पडायचं. सरांनी तसं करायचं ठरवलंही. मान हलायलाही लागली होती. पण नातवाला सांगितलेलं ते वाक्य त्यांना पुढं जाऊ देईना.

“कळलं होतं,” ते म्हणाले.

कात्री कागदात अर्ध्यावर थांबली.

“मला तेव्हाच कळलं होतं. मी तिथं बसून कागद गुंडाळून बघितला. तुझं बरोबर होतं.”

बाहेरच्या खोलीत एक मशीन चालू होतं, ते चालूच राहिलं. मुलीनं वर पाहिलं नाही. तिनं विचारलं, “किती वेळ बघितलात?”

“दहा मिनिटं.”

“मग?”

वाटेत सरांनी बरंच जुळवून ठेवलं होतं. शेजारच्याचा टोमणा, लोक काय म्हणतील, नियम, शिस्त. त्यातलं काही तोंडातून निघेना. “मग राग आला,” ते म्हणाले. “मला ते कधी सुचलं नव्हतं, म्हणून.”

मुलीनं कात्री टेबलावर ठेवली. खडूची बोटं पदराला पुसली, परत पुसली. सरांना वाटलं, आता ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती अगदी साध्या आवाजात बोलली.

“बावीस वर्षं मी मनाला सांगत आले, बाबांना कळलं नाही. आणि मला वाटायचं, चूक माझी. तो कोरा पेपर देण्याऐवजी मी घरी तुमच्यासमोर बसून, बाटलीला कागद गुंडाळून, तुम्हाला समजावून सांगायला हवं होतं. दोन मिनिटांचं तर काम होतं. तेवढं आपण केलं नाही म्हणून सगळं गेलं, असं वाटायचं.”

सरांना रडू फुटलं. सासष्ट वर्षांचा माणूस, गुडघ्यांवर हात ठेवून, तोंड न झाकता रडला. चुकलो म्हणाले, दोनदा म्हणाले. एरवी त्यांना नुसता ठसका लागला तरी ही मुलगी पाणी घेऊन धावायची. आज ती टेबलाच्या पलीकडेच उभी राहिली. खालून चहा आला, तो तिनं त्यांच्यापुढं सरकवला.

“घ्या, निवतोय,” ती म्हणाली. मग कात्री उचलून अर्धवट राहिलेली बाही कापायला लागली. ती पुरी झाल्यावर म्हणाली, “शुक्रवारी येते मी. पोरांसाठी येते.”

घरी येऊन सरांनी बायकोला सगळं सांगितलं, या वेळी भांडं न लपवता. ती ऐकून घेत होती. ऐकून झाल्यावर तिनं सरांचं ताट वाढून ठेवलं आणि आपलं ताट घेऊन दुसऱ्या खोलीत गेली. चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात असं कधी झालं नव्हतं. सरांनी एकट्यानं दोन घास खाल्ले आणि उरलेलं झाकून ठेवलं.

शुक्रवारी मुलगी वेळेवर आली. बगलेत खाकी कागदाची गुंडाळी, पिशवीत पंचवीस जाड मेणबत्त्या. बाईंनी तिला दारातच मिठी मारली. सर मागच्या टेबलाशी बसले होते, सोमवारी बसले होते तिथंच. तिनं सगळ्या वर्गाला नमस्कार केला, त्यात सर आले.

तिनं प्रत्येकाला एक मेणबत्ती दिली, तिच्यावर कागदाची पट्टी गुंडाळायला लावली आणि सांगितलं, आता कटरनं तिरकी कापा, कागदासकट, एका सरळ घावात. पोरांनी कापली. आता कागद उलगडा. उलगडला तर काय, सरळ कापलेली कड कागदावर लाटेसारखी वरखाली गेलेली. पोरं बघतच राहिली. हीच तुमच्या शर्टाची बाही, असं म्हणून तिनं एका मुलाचा हात वर करून खांद्याशी बाही कशी तिरकी बसते ते दाखवलं, आणि मग पिशवीतून पुठ्ठ्याच्या नळ्या काढून, दोन नळ्या कोपऱ्यात जोडायच्या तर कड कशी कापावी लागेल, ते विचारलं. दहा मिनिटांत पोरं नळ्या जोडत होती. कुणी जांभई देत नव्हतं.

“कागदावर वाकडं दिसतं म्हणून घाबरायचं नाही,” ती म्हणाली. “अंगावर चढलं की सरळ होतं.”

एका विद्यार्थिनीनं विचारलं, या रेघेला काही नाव आहे का. असणारच, असं ती म्हणाली. मी रोज कापते, पण नाव शिकायचं राहून गेलं. तिनं मागं पाहिलं. “तुमचे सर सांगतील. सर, सांगा ना.”

सर उठले. ही रेघ त्यांनी पस्तीस वर्षं फळ्यावर काढली होती, दरवर्षी, खडूनं, एका दमात. तिच्याइतकी दुसरी कुठली रेघ त्यांना आवडत नसे. पोरांना ती कधीच आवडली नाही, आणि आज प्रत्येकाच्या हातात ती मेणाच्या वासासकट होती. साइन कर्व्ह, असं ते म्हणाले. पुढच्या टेबलावरून एक आगाऊ पोरगा म्हणाला, सर, पायऱ्या? वर्ग हसला.

“पायऱ्या नकोत,” सर म्हणाले. “यांनी दाखवलं तसं करा. उत्तर बरोबर असेल तर पूर्ण मार्क.”

सगळा वर्ग ओरडला. बाईंनी टाळी वाजवली. सरांची मुलगी खाली वाकून टेबलाखालचे मेणबत्त्यांचे तुकडे गोळा करत होती, ती गोळा करतच राहिली.

तास संपल्यावर सर तिच्याबरोबर खाली आले. कागदाची गुंडाळी त्यांनी मागून घेतली होती. पोरं हुशार आहेत, ती म्हणाली. सर हो म्हणाले. वर्गात तिनं सर म्हटलं ते त्यांना खटकलं नव्हतं, फाटकाच्या आतला नियम त्यांचाच होता, आणि पोरीनं तो इतक्या वर्षांनी आठवणीनं पाळला याचं त्यांना मनातून बरंसुद्धा वाटलं होतं. अंगण ओलांडून दोघं बाहेर आली. रस्त्याच्या कडेला तिची स्कूटर उभी होती. सरांनी गुंडाळी स्कूटरला अडकवून दिली, नीट बसली का ते दोनदा हलवून पाहिलं. रविवारी घरी ये, पोरालाही आण, आई वाट बघतेय, असं ते म्हणाले.

“आईला मी फोन करीन,” ती म्हणाली. तिनं हेल्मेट घातलं, पट्टा लावला, स्कूटर चालू केली. सर हात वर करून उभे होते.

“येते, सर.”

ती वळणावरून दिसेनाशी झाली तरी सरांचा हात तसाच वर होता. मग त्यांनी मागं वळून पाहिलं. फाटक त्यांच्या मागं, चांगलं दहा पावलांवर होतं.